नणंदेच्या निरोगीपणाची साक्ष

उत्तरेकडच्या, सरोवराकाठच्या डुलुथ गावची माणसं इतकी वर्षं जगतात तरी कशी, असा प्रश्न विद्यापीठातल्या लोकांना पडला आणि त्यांनी त्यासाठी चांगला लांबलचक अभ्यास काढला. मार्लिस किनुनेनला विचारलं असतं तर तिने बसल्या जागी उत्तर दिलं असतं. इथली जमीन हिवाळ्यात अशी गोठते की कबर खणायची म्हटलं तर माणसं आणि यंत्रं दोन्ही रडकुंडीला येतात. अशा दिवसांत मरून चार लोकांना तसदी द्यायची, हे इथल्या माणसाच्या रक्तातच नाही. तो बर्फ वितळेपर्यंत थांबतो. बर्फ वितळला की बागेचं काम निघतं, मग मासेमारी, मग लाकडं फोडून ठेवायची, तोवर पुन्हा बर्फ. असं आज नको, उद्या बघू करता करता नव्वदी उजाडते.

पण हे मार्लिसला कोणी विचारलं नाही. तिला विचारलं ते भलतंच. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, एका पायावर उभं केलं, हातात ताकद मोजायची एक मूठ देऊन "जोरात दाबा" म्हणाले, शब्दांची यादी वाचून दाखवली आणि मध्ये भलत्या गप्पा मारून मग ती यादी परत मागितली. सगळं झाल्यावर एक छापील पत्र आलं: निरोगी वार्धक्याच्या अभ्यासासाठी तुमची निवड झाली आहे. सोबत एक उबदार पांघरूण, त्याच्या कोपऱ्यावर अभ्यासाचं बोधचिन्ह.

ते पांघरूण टेकडीवरच्या लुथरन चर्चमध्ये पदवीच्या झग्यासारखं मिरवलं जाऊ लागलं. प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी प्यायला सगळे जमत, तिथे पांघरूणवाले एका टेबलाशी आणि बिनपांघरूणवाले दुसऱ्या टेबलाशी, असं आपोआपच होऊन गेलं. हार्लन ओयालाला त्याच्या साखरेपायी घेतलं नव्हतं. बिचारा म्हणायचा, "मला तसंही पांघरुणात उकडतं." आणि सगळे मान डोलवायचे. खोटं आहे हे सर्वांना माहीत असलं, की इथे मान जास्त मनापासून डोलवतात.

मार्लिसला पांघरूण मिळालं, तसं तिच्या नणंदेलाही मिळालं. व्हर्नाला न मिळून कसं चालेल? व्हर्ना किनुनेन म्हणजे चर्चची ऑर्गनवादक. लग्न केलं नाही, कारण ऑर्गनइतकं ऐकणारा नवरा तिला भेटला नाही. मार्लिसचा नवरा आर्नी हा व्हर्नाचा धाकटा भाऊ. आर्नी जाऊन बरीच वर्षं झाली, पण नणंद-भावजयीचं नातं काही नवऱ्याबरोबर पुरता येत नाही. दोघी एकाच रस्त्यावर, चार घरं सोडून राहायच्या. व्हर्नाकडे गाडी होती. मार्लिसकडे गाडीचं लायसन्स होतं, तेही केवळ पर्समध्ये रिकामा कप्पा राहू नये म्हणून. आधी आर्नी चालवायचा, नंतर व्हर्ना. वाणसामान, केस कापायला जाणं, चर्च, दाताचा डॉक्टर, सगळं व्हर्नाच्या गाडीतून. आणि गाडीत बसल्यावर व्हर्ना जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, हे भाडं.

तर या अभ्यासाचा एक नियम होता. नुसतं तुम्ही येऊन "मी ठणठणीत आहे" म्हणून चालत नसे. तुम्हाला जवळून ओळखणारं एक माणूस सोबत आणायचं. त्याला वेगळ्या खोलीत बसवून विचारणार, की या बाई पूर्वीसारख्याच आहेत की काही बदल वाटतो? म्हणजे तुमच्या निरोगीपणाला साक्षीदार लागे. ज्यांचे नवरे-बायका शिल्लक होते त्यांचं भागलं. ज्यांची मुलं गावात होती त्यांचंही. मार्लिसचा एकुलता एक मुलगा पार सिअ‍ॅटलला. मग मार्लिसची साक्षीदार व्हर्ना आणि व्हर्नाची मार्लिस. मार्लिसचं लग्न झाल्या दिवसापासून ज्या दोघींनी एकमेकींच्या चुकांवर बारीक नजर ठेवली, त्यांनीच आता वर्षातून एकदा वेगवेगळ्या खोल्यांत बसून सांगायचं, की नाही बाई, हिच्यात काही खोट नाही. विद्यापीठाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं?

पहिली काही वर्षं मजेत गेली. व्हर्नाला शब्द जास्त आठवायचे, मार्लिस एका पायावर जास्त वेळ उभी राहायची. व्हर्ना तळघरात सगळ्यांदेखत म्हणायची, "अगं, एका पायावर काय, बगळाही उभा राहतो." आणि मार्लिस तिच्या बशीत वेलचीच्या पावाचा तुकडा ठेवत म्हणायची, "खा. या वेळी वेलची बेताची आहे. तुझ्यासारखी मूठभर नाही घातलेली."

मग त्या मार्च महिन्यातल्या रविवारी ते गीत झालं.

चार कडव्यांचं गीत. व्हर्नाने ते इतक्या वेळा वाजवलेलं, की झोपेत बोटं ठेवली असती तरी वाजलं असतं. चौथं कडवं संपलं. लोक पुस्तकं मिटून बसणार, तोच ऑर्गनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्या कुठल्या गावात लोकांनी एकमेकांकडे बघितलं असतं. कोणी खाकरलं असतं. इथे तसं करणं म्हणजे बोलून दाखवण्यासारखंच. लोकांनी मुकाट्याने पुस्तकं उघडली, पान मागे उलटलं आणि पहिल्या कडव्यापासून गायला लागले. चार कडवी पुन्हा झाली. ऑर्गन तिसऱ्यांदा सुरू झाला. लोकही सुरू झाले. हार्लन, जो आयुष्यात कधी ओठ हलवत नाही, तोही गायला लागला, कारण आता न गाणं उठून दिसलं असतं. पाद्रीबाबांनी आशीर्वादासाठी उचललेले हात खाली घेतले, जरा चोळले, पुन्हा उचलले, पुन्हा खाली घेतले. शेवटी मार्लिस उठली. पान उलटून द्यायला आल्यासारखी ऑर्गनपाशी गेली आणि व्हर्नाच्या खांद्यावर हात ठेवला. संगीत थांबलं. लोक बसले.

तळघरात कॉफी घेताना कोणीतरी म्हणालं, "आज गीत चांगलं रंगलं."

"हो ना," दुसरं म्हणालं. "नेहमी कसं घाईघाईत उरकतं."

झालं. एवढीच चर्चा. व्हर्ना गाडीत बसल्यावर म्हणाली, "पायांना आज काय गार लागत होतं ऑर्गनच्या त्या पायपट्ट्यांवर!" मग थोड्या वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता, "मार्लिस, मी चारही कडवी वाजवली ना गं?"

"वाजवलीस," मार्लिस म्हणाली. आणि ते खरंच होतं. चार तर वाजवलीच होती. उरलेल्या आठांबद्दल तिने विचारलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाही लोटला नाही तोच अभ्यासाच्या वार्षिक भेटीचा दिवस आला. व्हर्ना गाडी घेऊन वेळेवर दारात हजर. डोक्यावर चांगली टोपी, ओठांना रंग. निरोगी माणसाने निरोगी दिसायलाही हवं. डुलुथचे रस्ते टेकडीवरून सरळ खाली सरोवरात शिरतात की काय असे उतरतात. त्या उतारावर मधल्या एका सिग्नलला गाडी थांबली. दिवा हिरवा झाला. गाडी थांबलेलीच.

"व्हर्ना, हिरवा झाला."

"दिसतोय मला."

दिवा लाल झाला. मागे गाड्या जमल्या. एकानेही भोंगा वाजवला नाही. एक गृहस्थ मात्र गाडीतून उतरून, कान लाल होईपर्यंत वाऱ्यात चालत खिडकीशी आले आणि म्हणाले, "ढकलायला हवी आहे का? माझ्याकडे दोरही आहे."

"नको, नको, ठीक आहे आमचं," व्हर्ना गोड हसून म्हणाली. ते गेल्यावर तिने दोन्ही हात चाकावर घट्ट धरले. "आज आपण दाताच्या डॉक्टरकडे ना?"

"अभ्यासाला, व्हर्ना."

"तेच म्हणतेय मी."

दिवा पुन्हा हिरवा झाला. मार्लिसने खिडकीतून सरोवराकडे बघितलं. ते अजून गोठलेलं होतं. त्याच्याकडे बघत राहणं सोपं होतं. या बाजूला बघितलं असतं तर व्हर्नाच्या ओठांचा रंग थरथरताना दिसला असता.

तिथून पुढच्या सगळ्या उतारावर मार्लिस मनाशी भांडत होती. आज तिला साक्षीला बसायचं होतं. सांगावं? सांगितलं तर व्हर्नाचं लायसन्स जाईल, ऑर्गन जाईल, निरोगी ही पदवी जाईल. व्हर्नामधून एवढं वजा केल्यावर शिल्लक काय, तर टोपी. न सांगावं, तर एक दिवस हीच गाडी उतारावरून थेट सरोवरात. आणि सांगायचं तर कशासाठी? मनाच्या एका कोपऱ्यात एक जुनी नवी नवरी बसलेली होती, जिच्या लग्नात व्हर्ना पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "मुलगी जरा वेगळीच आहे." ती नवरी म्हणत होती, सांग, अवश्य सांग. दुसऱ्या कोपऱ्यात वाणसामानाची पिशवी होती. ती म्हणत होती, गप्प बस, दूध कोण आणणार? प्रेमही तिथेच कुठेतरी होतं. पण ते इथलंच. विचारल्याशिवाय बोलणारं नव्हे.

मार्लिसची मुलाखत घ्यायला या वर्षी नवीन बाई होत्या. डॉक्टर रेयेस. अ‍ॅरिझोनाहून आलेल्या, इथला पहिलाच हिवाळा, एकावर एक दोन स्वेटर आणि वर गळपट्टा. मनात आलेलं लगेच बोलून टाकण्याची त्यांना सवय होती. आल्या आल्या म्हणाल्या, "बाप रे, तुम्ही लोक इथे राहता कसे? मला रोज रडू येतं!" मार्लिसला त्यांची काळजी वाटली. एवढं सगळं मनातलं बाहेर काढलं तर आत ऊब कशाची राहणार?

"तर तुमच्या नणंदबाई. मागच्या वर्षीच्या मानाने त्यांची स्मरणशक्ती कशी वाटते?"

"तसं काही वाईट नाही," मार्लिस म्हणाली.

"वा! छान!" डॉक्टरबाईंनी कागदावर खूण केली.

मार्लिस त्या खुणेकडे बघत राहिली. तिचा आर्नी स्वयंपाकघरात छातीवर हात धरून जमिनीवर पडला होता, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाने कसं वाटतंय विचारलं, तेव्हा तोही म्हणाला होता, तसं काही वाईट नाही. त्यानंतर तो काहीच बोलला नाही. पण तो माणूस इथलाच होता. ते ऐकल्याबरोबर तो जिन्याकडे स्ट्रेचर आणायला धावत सुटला होता. डॉक्टर रेयेस मात्र जागच्या हलल्या नाहीत.

मार्लिसने अजून थोडा जोर लावला. "रविवारी चर्चमध्ये गीत जरा लांबलं."

"अरे हो, त्या ऑर्गन वाजवतात ना! संगीत मेंदूला फार चांगलं."

"आज येताना गाडी तिने सावकाश आणली. बरीच सावकाश."

"बर्फात सावकाशच चालवावी. मीही तेच करते."

मार्लिसने घसा साफ केला. तिच्या मते तिने आतापर्यंत जवळजवळ आरडाओरडा केला होता. "ती हल्ली जरा... वेगळी वागते," ती म्हणाली. कोणाबद्दल असं म्हणणं म्हणजे इथे हद्द झाली.

"वेगळेपण असायलाच हवं माणसात!" डॉक्टरबाई प्रसन्न हसल्या. "मग काही बदल नाही, असंच धरते मी."

"धरू नका."

आवाज एवढा मोठा निघाला की मार्लिसच दचकली. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं.

"ती विसरते," मार्लिस म्हणाली. एकदा दार उघडल्यावर वारा घुसावा तसं मग सगळंच आलं. "चार कडव्यांचं गीत ती तीनदा वाजवत बसली आणि तिला पत्ता नव्हता. आज सिग्नलला थांबली आणि कुठे निघालोय ते तिला माहीत नव्हतं. मागच्या महिन्यात तिने मला दोनदा केक आणून दिला, वाढदिवसाचा. माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो. तो केक मी दोन्हीदा खाल्ला आणि दोन्हीदा थँक्यू म्हटलं. तिला गाडी चालवू देऊ नका. आज मी तिच्या शेजारी बसून आले, म्हणजे तुम्ही खरं तर माझं डोकं तपासायला हवं."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. एवढं सरळ ती बाळंतपणातही बोलली नव्हती.

डॉक्टर रेयेस यांनी पेन खाली ठेवलं. बाई बोलक्या होत्या, पण उथळ नव्हत्या. त्यांनी हळू विचारलं, "हे कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"पण मागच्या वर्षी तुम्ही इथे..."

"मागच्या वर्षीही मी म्हणाले होते, तसं काही वाईट नाही."

"आणि मुलाखत घेणाऱ्याला कळलं नाही?"

"त्याला कळलं," मार्लिस म्हणाली. "तो इथलाच होता. म्हणून तर त्याने पुढे विचारलं नाही."

डॉक्टरबाईंनी पेन पुन्हा उचलून कागदावरची ती आधीची खूण खोडली. विद्यापीठाने इतकी यंत्रं आणली, इतकं रक्त काढलं, आणि अख्ख्या गावाचं निरोगी वार्धक्य एका सभ्य माणसाने सभ्यपणे लिहून नेलं होतं. मग त्या म्हणाल्या की इथलं बोलणं इथेच राहतं. व्हर्नाची आणखी तपासणी करू, तिच्या नेहमीच्या डॉक्टरांशी तिला बोलायला सांगू, घाबरवणार नाही. "पण आज घरी गाडी कोण नेणार?"

मार्लिसने पर्स उघडून लायसन्सचा कप्पा चाचपला.

व्हर्ना बाहेर कोट घालून तयारच होती. "सगळं छान झालं," ती म्हणाली. "माझ्या खोलीतल्या त्या पोरीने शब्द फार पुटपुटत वाचले. आधीच्या माणसाचा उच्चार स्पष्ट होता." ती गाड्यांच्या रांगेकडे निघाली आणि एका निळ्या गाडीपाशी जाऊन किल्ली लावून बघू लागली. व्हर्नाची गाडी राखाडी होती. पलीकडच्या रांगेत.

"व्हर्ना," मार्लिस म्हणाली. "किल्ली दे."

"कशाला?"

"मी चालवते."

"तू?" व्हर्नाने तिला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं. "तुला चालवता येते?"

"तसं..." मार्लिस थांबली. "नाही. फारशी नाही. पण मला रस्ता माहीत आहे."

सरोवरावरून येणारा वारा दोघींच्या कोटात शिरत होता. व्हर्ना निळ्या गाडीच्या दाराला हात लावून उभी होती. "काय सांगितलंस तू त्या डॉक्टरबाईला?"

नेहमीचंच, असं म्हणता आलं असतं. ते मार्लिसच्या जिभेवर आलंही होतं.

"तू विसरतेस असं सांगितलं."

"सगळं सांगितलंस?"

"सगळं."

"गीताचंही?"

"तुला माहीत आहे गीताचं?"

"माझ्या खांद्यावर हात ठेवायला तू आजवर कधी उठली होतीस?" व्हर्ना म्हणाली. "किती वेळा वाजवलं मी?"

"तीनदा."

"आणि लोक?"

"गात होते. हार्लनसुद्धा."

"हार्लन गायला?" व्हर्नाचा चेहरा असा झाला, की आता प्रकरण खरंच गंभीर आहे हे तिला पहिल्यांदा पटलं असावं. "गाढवं आहेत सगळी. एक नंबरची गाढवं. आणि त्यात तू मोठी. माझी वेलची जास्त होते हे तू लग्नानंतर पहिल्याच ख्रिसमसला सांगितलंस. माझे पडदे, माझी टोपी, माझा त्या वर्षीचा मासा, कशाला म्हणून सोडलं नाहीस. आणि हे सांगायला तुला वर्ष लागतं? मी गाडीत तुला विचारलं, मार्लिस. विचारलं की नाही? मला भीती वाटत होती म्हणून विचारलं. आणि तू आपली 'वाजवलीस' म्हणून मोकळी."

मार्लिसच्या मनात आता नवी नवरीही गप्प, वाणसामानाची पिशवीही गप्प. "मलाही भीती वाटत होती," मार्लिस म्हणाली.

"कसली? गाडीची?"

"गाडीचीही."

व्हर्ना फसकन हसली, आणि मग डोळे पुसायला तिने हातमोजा काढला. वाऱ्याने पाणी येतं डोळ्यांना, असं ती म्हणाली नाही. मार्लिसनेही ते तिच्या वतीने म्हटलं नाही. "आता मला त्या विसरणाऱ्यांच्या दुसऱ्या गटात टाकतील," व्हर्ना म्हणाली.

"टाकतील."

"ऑर्गनही जाईल."

"आज नाही. पण जाईल."

"बरं," व्हर्ना म्हणाली. "बरं." आणि तिने किल्ली मार्लिसच्या तळहातावर अशी आपटली, जणू भावाचं अख्खं घरच पुन्हा एकदा तिच्या हवाली करत होती.

गाडी सुरू व्हायला वेळ लागला. आरसे हलवण्यात आणखी वेळ गेला. मार्लिसने रांगेतून गाडी काढली तेव्हा व्हर्नाने छताच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले, ते गाडी रस्त्याला लागेपर्यंत उघडले नाहीत. टेकडीच्या पायथ्याशी चौक आला.

"डावीकडे घे," व्हर्ना म्हणाली. ठामपणे, नेहमीच्या आवाजात.

डावीकडचा रस्ता बंदराकडे जात होता. कालपर्यंतच्या मार्लिसने डावीकडे घेतलं असतं, बंदराला वळसा घातला असता, आणि वाटेत दोनदा म्हटलं असतं की हा रस्ता काय छान आहे, बाई.

"नाही, व्हर्ना. घर उजवीकडे आहे."

व्हर्नाने समोर बघितलं. डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, टेकडीवर चढत जाणाऱ्या त्या रस्त्याकडे, जो तिने आयुष्यभर चढला होता. चेहऱ्यावर ओळख काही उमटली नाही. मग ती मार्लिसकडे वळली.

"नक्की?"

"नक्की."

"मग उजवीकडचा दिवा लाव की," व्हर्ना म्हणाली. "माझ्या तोंडाकडे काय बघत बसलीस?"